तोनान मारूचे तीन जन्म

जपानी भाषेत ‘तोनान’ या शब्दाचा आशय दक्षिणेकडे जाण्याचा संकल्प असा आहे. देवमाशांच्या शोधार्थ अंटार्क्टिक समुद्रापर्यंत मजल मारणाऱ्या जहाजाला तो शोभणारा होता. ओसाका येथे १९३८ मध्ये बांधून पूर्ण झालेले ‘तोनान मारू क्रमांक ३’ हे १९,००० टनांहून अधिक भाराचे जहाज म्हणजे एक तरंगता कारखानाच होता. पिछाडीच्या उतरंडीवरून देवमासा आत ओढून घ्यावयाचा, वरच्या तक्तपोशीवर त्याची चिरफाड करावयाची आणि चरबीपासून काढलेले तेल खालच्या प्रचंड टाक्यांत साठवावयाचे, अशी त्याची योजना होती.

या टाक्यांमुळेच त्याचे नशीब पालटले. ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेने तेलाची निर्यात रोखली, तेव्हा जपानला बोर्निओ व सुमात्रा येथील तेलविहिरींवाचून गत्यंतर उरले नाही. विहिरी जिंकता येतात. परंतु तेल हजारो मैल वाहून न्यावयाचे तर जहाजे हवीत, आणि नेमकी त्यांचीच चणचण होती. साहजिकच देवमाशांच्या तेलासाठी बांधलेल्या टाक्या खनिज तेलाने भरू लागल्या.

२४ जुलै १९४३ रोजी कॅरोलाइन बेटांतील ट्रूक या नाविक तळाच्या पश्चिमेस, सोबतीला संरक्षक नौका नसलेले हे जहाज ‘टिनोसा’ या अमेरिकी पाणबुडीच्या दृष्टीस पडले. पाणबुडीचे कप्तान डॅस्पिट यांनी प्रथम दुरून व तिरप्या कोनातून पाणतीर सोडले. त्यांपैकी दोन पिछाडीजवळ फुटले आणि जहाज जागीच थांबले. एवढे मोठे सावज निश्चल झालेले पाहून त्यांनी पाणबुडी सुमारे ८०० मीटरांवर, जहाजाच्या कुशीसमोर अगदी काटकोनात आणली. पाठ्यपुस्तकात दाखवावी अशीच ती स्थिती होती. तेथून त्यांनी एकेक पाणतीर नेम धरून सोडला. प्रत्येक जण लक्ष्यावर आदळे, पाणी उडे, आणि स्फोट मात्र होत नसे. एकूण पंधरा पाणतीर खर्ची पडल्यावर डॅस्पिट यांनी शेवटचा हेतुपुरस्सर राखून ठेवला व तो तपासणीसाठी पर्ल हार्बरला नेला.

दोष सापडला तो मात्र प्रत्यक्ष प्रयोगांतून. ॲडमिरल लॉकवुड यांच्या आज्ञेने हवाई बेटांपैकी काहोओलावेच्या कड्यावर पाणतीर डागण्यात आले. पुढे क्रेनने ९० फूट उंचीवरून ते पोलादी पत्र्यावर टाकण्यात आले. तेव्हा असे आढळले की, पाणतीर सरळ आदळला तर तो एकाएकी इतक्या जोराने थबकतो की स्फोटक टोपीवर आघात करणारी खीळ आपल्या मार्गदर्शक खोबणीत घर्षणाने अडकते. धडक तिरपी असेल तर खीळ बहुधा आपले काम करी. म्हणजे नेम जितका अचूक, तितके अपयश निश्चित! शस्त्र घडविणाऱ्या खात्याने मात्र दीर्घकाळ खलाशांच्या नेमालाच दोष दिला होता. हलकी खीळ बसविल्यावर १९४३ च्या शरद ऋतूपासून हा दोष नाहीसा झाला.

जपानच्या दृष्टीने ही सुटका महाग पडली. तोनान मारू बुडाले असते, तर तो दोष कदाचित आणखी काही काळ दडून राहिला असता. १९४४ मध्ये तेलवाहू जहाजे झपाट्याने बुडू लागली आणि १९४५ च्या वसंतापर्यंत दक्षिणेकडून येणारे तेल जवळजवळ बंद झाले.

खुद्द जहाज ओढत ओढत ट्रूकला नेण्यात आले. तेथेच फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात ते उलटून बुडाले. तरीही त्याची कथा संपली नाही. युद्धोत्तर जपानमध्ये अन्नाची तीव्र टंचाई होती व देवमाशाचे मांस हा प्रथिनांचा मोठा आधार ठरला होता. नवे कारखाना-जहाज बांधण्यापेक्षा बुडालेले वर काढणे परवडणारे होते. १९५१ मध्ये ते समुद्रतळावरून उचलण्यात आले, जपानला ओढून नेऊन दुरुस्त झाले आणि ‘तोनान मारू’ या नावाने पुन्हा अंटार्क्टिक समुद्राकडे निघाले. ते मोडीत निघाले १९७० नंतरच.