चार्जिंग न लागणारे निकोटिन

सिगारेट सोडायचे मनावर घेतलेला माणूस मोबाइलवर शोधायला बसला, की त्याच्यापुढे आधी यंत्राचेच प्रश्न येतात. पहिली ई-सिगारेट कोणती घ्यावी, बॅटरी किती क्षमतेची असावी, चार्जिंगला किती वेळ लावावी. लंडन किंवा मँचेस्टरमध्ये राहणाऱ्याने हे विचारले तर ते रास्तच आहे. धाराशिव, कळंब किंवा उमरग्यात राहणाऱ्याला मात्र या प्रश्नांची अगदी अचूक उत्तरे मिळाली, तरी त्यामुळे त्याची तंबाखू सुटण्याची शक्यता फारशी वाढत नाही. कायद्याने बंदी आहे हे त्याचे एक कारण झाले. पण बंदी उद्या उठली तरी मुख्य अडचण राहतेच. ती अडचण आपल्याकडच्या तंबाखूच्या स्वरूपात आणि निकोटिनच्या रसायनात आहे. ई-सिगारेटमध्ये उपयोगाचे जे काही आहे, ते औषधाच्या दुकानात कायदेशीरपणे, मापून आणि तपासून मिळते. कमी पडतो तो ते वापरायला शिकवणारा माणूस.

आधी यंत्राकडे पाहू. ई-सिगारेटमध्ये एक लिथियम-आयन सेल, तारेचे छोटे वेटोळे, त्याभोवती कापूस आणि प्रोपिलीन ग्लायकोल व ग्लिसरीनमध्ये विरघळवलेले निकोटिन असते. झुरका घेतला की वेटोळे तापते आणि द्रवाची वाफ होते. काहीच जळत नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. सगळा फायदा इथे आहे, आणि सगळा धोका वेटोळे आणि सेल या दोन भागांच्या दर्जावर टांगलेला आहे. कापूस कोरडा पडला किंवा वेटोळे अति तापले, तर त्याच द्रवातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिनसारखी घातक द्रव्ये तयार होतात. लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या पुढे चार्ज होता कामा नये. ते रोखणारे सर्किट नकली मालात कच्चे असते किंवा नसतेच. सेल पूर्ण भरल्यावरही विद्युतप्रवाह थांबला नाही, तर तो आतून तापतो, आणि एकदा ती साखळी सुरू झाली की बाहेरून थांबवता येत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात ई-सिगारेटच्या आगीच्या व स्फोटाच्या १९५ घटना नोंदवल्या. वापरणाऱ्यांची संख्या पाहता हा आकडा मोठा नाही, हे खरे. पण तो ज्या बाजारातला आहे, तिथे उत्पादकाचे नाव-पत्ता असतो, आणि माल सदोष निघाला तर त्याला जाब विचारता येतो.

आपल्याकडे तशी सोय नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आली. साठवण सोडून इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे इथे जी ई-सिगारेट हातात येते, ती चोरट्या मार्गाने आलेली असते. तिच्या वेष्टनावर निकोटिनचे जे प्रमाण छापलेले असते, ते कोणी तपासलेले नसते. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हात, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर असा सेल पडून राहिला तर काय होईल याची हमी घेणाराही कोणी नसतो. यातले चांगले कोणते आणि चार्ज कसे करावे, याचा सल्ला देण्याजोगा आधारच उरत नाही.

याचा अर्थ ई-सिगारेट निरुपयोगी आहे असा नाही, आणि बंदीच्या बाजूने बोलताना तसे भासवणे अप्रामाणिक ठरेल. २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पीटर हायेक आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना ई-सिगारेट दिली, निम्म्यांना निकोटिनची गम, पट्टी वगैरे. समुपदेशन दोन्ही गटांना होते. वर्षभराने ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते, तर दुसऱ्या गटात ९.९ टक्के. फरक ठळक आहे, आणि नंतरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावाही त्याच दिशेने बोट दाखवतो. मात्र त्याच चाचणीतला दुसरा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे. वर्षभराने सिगारेटपासून दूर राहिलेल्यांपैकी ई-सिगारेट गटातले ८० टक्के लोक दिलेले साधन वापरतच होते. गम-पट्टीच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. एका साधनाने धूर सोडवला, पण निकोटिन ठेवले. दुसऱ्याने कमी लोकांना सोडवले, पण ज्यांना सोडवले त्यांतल्या बहुतेकांचे निकोटिनही सुटले. फुप्फुसांच्या दृष्टीने पहिलाही सौदा फायद्याचाच आहे. पण ज्या देशात त्या यंत्राचा खात्रीचा द्रव मिळत नाही, तिथे त्या यंत्राची सवय लावून घेणे धोक्याचे आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक टपरीवर विडी-सिगारेट राजरोस विकली जाते आणि त्याहून कमी घातक वस्तूवर तेवढी बंदी, हा कुठला न्याय? धोरण म्हणून या विसंगतीचे समर्थन करणे अवघड आहे. तरुणांना नवे व्यसन लागू नये, हा बंदीमागचा हेतू योग्य होता. पण जी वस्तू रोज माणसे मारते ती खुली ठेवून हा हेतू पुरा होत नाही. ब्रिटनने दुसरा रस्ता धरला. निकोटिनचे प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या आत, टाकी दोन मिलिलिटरची, प्रत्येक उत्पादनाची नोंद, आणि २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना समुपदेशनासह ई-सिगारेटचा संच देण्याची योजना. त्याच देशाला मुलांमधला वापर पाहून १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटवर बंदीही घालावी लागली. धोरणाचा हा वाद चालू राहावा. पण तो जिंकल्याने चोरट्या बाजारातला आजचा सेल सुरक्षित होत नाही.

आणि धाराशिवचा खरा प्रश्न धुराचा कितपत आहे? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यांत ओढणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, काहीजण दोन्ही करतात. म्हणजे राज्यातली तंबाखू मुख्यतः तळहातावर मळली जाते, मिश्री म्हणून दातांना लावली जाते, माव्यात आणि पुडीत चघळली जाते. ई-सिगारेटचा सगळा गुण ‘जळत नाही’ यात आहे, आणि ही तंबाखू मुळातच जळत नाही. मिश्री भाजलेली असते, पण तिचा धूर कोणी ओढत नाही. तिथे मारक ठरतात ती तंबाखूतली नायट्रोसामाइन्स, आणि गुटखा-माव्यात जोडीला सुपारी. हे नुकसान या भागात मोजलेही गेले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परंडा आणि भूम तालुक्यांतली गावे तिच्या कक्षेत आली. गावोगाव फिरून जमवलेल्या या नोंदींत पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांमध्ये तोंडाचा कर्करोग आहे. ज्याची जखम गालाच्या आत आहे, त्याला फुप्फुसे वाचवणारे यंत्र देऊन काय साधणार?

मग काय द्यावे, हे चुन्याच्या डबीकडे नीट पाहिले की कळते. निकोटिन हा अल्कधर्मी पदार्थ आहे. भोवतालचे माध्यम आम्लधर्मी असेल तर त्याचे रेणू विद्युतभारित राहतात आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून त्यांना पार जाता येत नाही. सामू ८ च्या आसपास गेला की निम्मे रेणू मोकळे होतात आणि त्वचेतून रक्तात उतरतात. तंबाखूला चुना लावून मळणाऱ्याने हे रसायन पुस्तकात वाचलेले नसते, पण चुना कमी पडला की ‘लागत नाही’ हे त्याला पक्के ठाऊक असते. निकोटिन गम बनवणाऱ्यांनी नेमके हेच केले आहे: गममध्ये सोडियम कार्बोनेटसारखे अल्क मिसळलेले असते, म्हणजे चुन्याचे काम करणारा निरुपद्रवी बदली. ई-सिगारेटच्या नव्या पिढीने उलटी वाट धरली. तिच्यात बेन्झॉइक आम्ल घालून निकोटिनचा क्षार करतात, त्यामुळे घशाला न टोचता जास्त मात्रा खोल फुप्फुसात जाते. फुप्फुसातून निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. गालातून पुरते चढायला वीस-तीस मिनिटे लागतात. जितका झटका वेगवान, तितकी सवय घट्ट. म्हणूनच गम फिकी वाटते, आणि म्हणूनच ती पुढे सोडता येते.

‘गम खाऊन पाहिली, काही उपयोग झाला नाही,’ ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेकदा चूक खाण्याच्या पद्धतीत असते. ही गम च्युइंगगमसारखी सतत चावायची नसते. आठ-दहा वेळा सावकाश चावायची, जिभेला तिखटसर झिणझिणी आली की थांबायचे, आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. झिणझिणी ओसरली की पुन्हा थोडे चावायचे आणि जागा बदलून ठेवायची. असे अर्धा तास. भराभर चावली तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, तिथे आम्ल असते, म्हणून ते निकोटिन मेंदूपर्यंत फारसे पोहोचत नाही. मिळते ती उचकी आणि मळमळ. तंबाखूचा बार गालात धरून ठेवायची सवय असलेल्याला हे तंत्र दोन मिनिटांत जमावे. सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा त्याला ते सोपे आहे. दुसरी गोष्ट चहाची. चहा, कॉफी, लिंबू सरबत यांनी तोंड आम्लधर्मी होते आणि गममधले अल्क वाया जाते. त्यामुळे गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही. चहाच्या घोटावर गम टाकणाऱ्याने अर्धी मात्रा तिथेच घालवलेली असते. मात्रेचेही तसेच. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागणाऱ्याने २ नव्हे, ४ मिलिग्रॅमची गम घ्यावी. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, पुढे अंतर वाढवत साधारण बारा आठवड्यांत बंद. कमी मात्रेची गम दिवसातून दोनदा खाऊन आठवड्यात निकाल मागणे म्हणजे औषध न घेताच त्याला नापास करणे आहे. हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गमच्या मर्यादाही मांडायला हव्यात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तिचा उपयोग पक्का सिद्ध झाला आहे; तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये पुरावा तेवढा भक्कम नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात धूरविरहित तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनच्या चघळायच्या गोळ्या, व्हॅरेनिक्लिन हे औषध आणि समुपदेशन यांचा उपयोग दिसला; गम आणि पट्टीचा स्पष्ट दिसला नाही. माव्याची आणि गुटख्याची गाठ तर दुहेरी असते: सुपारीतल्या अ‍ॅरिकोलिनची ओढ निकोटिनने भागत नाही, आणि अशा माणसाला हे आधी सांगितले नाही तर तो चौथ्या दिवशी गमलाच दोष देतो. वर्षानुवर्षे सुपारी चघळून ज्यांचे तोंड पुरेसे उघडत नाही, त्यांच्यासाठी गम कामाची नाही. त्यांनी पट्टीचा विचार करावा, आणि त्याआधी तोंड दाखवून घ्यावे. एवढ्या बारकाव्यांवरून एकच गोष्ट पुढे येते. वस्तू हातात देऊन भागत नाही. कुणाला काय, किती आणि कसे, हे समोर बसून ठरवणारे कोणीतरी लागते. हायेक यांच्या चाचणीतही दोन्ही गटांना आठवड्याच्या आठवड्याला भेटणारे समुपदेशक होते, हे ई-सिगारेटचे समर्थक सहसा सांगत नाहीत.

ही व्यवस्था शून्यातून उभारायची नाही. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत निकोटिन पर्यायी उपचारांचा समावेश आहे. तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्या सेवेचे एक केंद्र मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातही आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर समुपदेशन केंद्राची तरतूद आहे. पण परंड्याच्या किंवा लोहाऱ्याच्या वस्तीवर मिश्री लावणारी बाई जिल्हा रुग्णालयात आपणहून येणार नाही. मिश्रीला ती व्यसन मानतच नाही, दात घासणे मानते. तिच्यापर्यंत आशाताईच पोहोचू शकतात. त्यांच्या पिशवीत गोळ्या आणि गम द्यायची असेल, तर त्याचा उपयोग होतो का, हे इथल्याच माणसांमध्ये तपासायला हवे.

धाराशिव जिल्ह्यात अशी चाचणी होऊ शकते, हे सिद्ध झालेले आहे. १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली. टाटा मेमोरिअल, बार्शीचे रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तिच्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणी धोरणांना त्या आकड्यांनी वळण दिले. एका गटाला तपासणीच दिली नाही, म्हणून त्या चाचणीवर टीकाही झाली, आणि ती योग्य होती. तंबाखूच्या चाचणीत असा रिकामा गट ठेवण्याची गरजच नाही: सगळ्या गावांना आशाताईंचे समुपदेशन द्यावे, निम्म्या गावांना त्याबरोबर निकोटिनच्या गोळ्या द्याव्यात, आणि वर्षभराने लाळेतले कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनपासून तयार होणारे द्रव्य, मोजून कोणाची तंबाखू खरोखर सुटली ते पाहावे.