सर्व खुशाल आहे: युद्धकाळांतील पोलिओच्या वॉर्डांतलीं पत्रें

पत्र लिहावयास बसलें कीं आपला हात आपोआप पहिली ओळ लिहून मोकळा होतो: इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवीत जावी. घरांत कोणी अंथरुणाला खिळलेलें असो, पैशाची ओढाताण असो, ही ओळ बदलत नाहीं. ती खोटी आहे असें लिहिणाराला वाटत नाहीं आणि वाचणाराहि ती शब्दशः घेत नाहीं. पुढें 'विशेष' म्हणून जें येतें, तेथून खरें पत्र सुरू होतें, हें दोघांनाहि ठाऊक असतें. परंतु ज्यांत हें 'विशेष' येऊंच दिलें जात नाहीं, जीं आरंभापासून सहीपर्यंत त्या पहिल्या ओळीचींच बनलेलीं असतात, अशा पत्रांविषयीं आज मला बोलावयाचें आहे. तीं आपल्याकडचीं नव्हेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत पोलिओनें आजारी पडलेलीं मुलें, त्यांच्या आया आणि समुद्रापलीकडे लढावयास गेलेले त्यांचे बाप यांच्यामध्यें आलीं-गेलीं, तीं हीं पत्रें.

पोलिओ, म्हणजे ज्याला पूर्वी बालपक्षाघात म्हणत, तो रोग आज आपल्या घरांतून दिसेनासा झाला आहे. २०१४ च्या मार्च महिन्यांत भारत पोलिओमुक्त ठरला. त्यामुळें तरुण श्रोत्यांस त्याची ओळख करून द्यावी लागेल. या रोगाचे विषाणु तोंडावाटे शरीरांत शिरतात. बहुतेक मुलांना त्यांचा पत्ताहि लागत नाहीं. थोडा ताप येतो आणि जातो. परंतु शेंदोनशें मुलांत एकाद्याच्या पृष्ठरज्जूपर्यंत ते पोंचतात आणि स्नायूंना हालचालीचा हुकूम पोंचविणाऱ्या पेशींचा नाश करतात. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावयाची आहे. नाश होतो तो हालचालीच्या पेशींचा, संवेदनेच्या नव्हे. पाय हलत नाहीं, पण पायाला चादरीचा स्पर्श कळतो, कळ कळते, गार-गरम कळतें. बुद्धि तर पूर्ण जागी असते. म्हणजे हें मूल बेशुद्ध नव्हे, भ्रमिष्ट नव्हे. आपल्या भोंवतीं काय चाललें आहे तें सारें पाहात आणि ऐकत तें पडून असतें.

अशा मुलाला त्या काळीं प्रथम सांसर्गिक रोगांच्या वॉर्डांत नेत. तेथें दोनतीन आठवडे आईबापांना बहुधा प्रवेशच नसे. फार तर खिडकीच्या कांचेबाहेरून पाहावयास मिळे. अनेक ठिकाणीं मुलाबरोबर गेलेलें खेळणें किंवा पुस्तक परत येत नसे, जाळून टाकीत. पुढें संसर्गाची मुदत संपल्यावर जेथें महिनोन् महिने उपचार चालत, तेथेंहि भेटीची वेळ आठवड्यांतून एकदां, रविवारीं एकदोन तास, अशी असे. आईबाप येऊन गेले कीं मुलें रडतात, आणि रडणें प्रकृतीला बरें नव्हे, असा रुग्णालयांचा हिशेब होता. राहिलें काय, तर पत्र. पांचसहा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत तें दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावयाचें आणि दुसऱ्याच कोणीतरी लिहून द्यावयाचें.

आतां या चित्रांत युद्ध आणून बसवा. १९४३ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेंत लेंकुरवाळ्या बापांनाहि सक्तीनें सैन्यांत घेण्यास सुरुवात झाली. तोंपर्यंत त्यांना बव्हंशीं सूट होती. आणि १९४४ च्या उन्हाळ्यांत पोलिओची मोठी सांथ आली. त्या वर्षीं एकोणीस हजारांवर माणसें आजारी पडलीं. १९१६ च्या भयंकर सांथीनंतर इतका आंकडा त्या देशानें पाहिला नव्हता. डॉक्टर आणि परिचारिका मोठ्या संख्येनें सैन्याबरोबर गेलेल्या. उत्तर कॅरोलायनांतील हिकरी या गांवाजवळ मुलांच्या उन्हाळी शिबिराची जागा होती. तेथें जून महिन्यांत ५४ तासांत रुग्णालय उभें करण्यांत आलें. त्याचें वृत्तपत्रांतून फार कौतुक झालें, आणि तें योग्यच होतें. त्या काळच्या दक्षिणेंत गोऱ्या आणि काळ्या मुलांवर एकाच ठिकाणीं उपचार व्हावेत, हीहि साधी गोष्ट नव्हती. पण ५४ तासांत भिंती उभ्या राहतात, भेटीचे तास वाढत नाहींत.

अशा घरांतल्या आईपुढें रात्रीं दोन कागद असत. एक वॉर्डांतल्या मुलासाठीं, दुसरा पॅसिफिक महासागरांतल्या कोणत्यातरी बेटावर असलेल्या नवऱ्यासाठीं. दोन्ही कागदांवर काय लिहूं नये, याचा उपदेश तिला सर्व बाजूंनीं होत असे. सैनिकाला घरच्या अडचणी कळवूं नका, त्याचें मन खचेल. आनंदी पत्रें लिहा, असें सरकारी प्रसिद्धिखातें आणि मासिकें तिला सांगत. मुलाला घरची आठवण येईल असें कांहीं लिहूं नका, असें वॉर्डांतून सांगत. मग मुलाचा पाय गेला हें बापाला कळवावयाचें कीं नाहीं? आणि बापाचें पत्र महिनाभर आलेलें नाहीं, हें मुलाला? मला वाटतें, त्या युद्धांतल्या कोणत्याहि सेनापतीपुढें याहून अवघड प्रश्न क्वचितच आला असेल. निदान सेनापतीला सल्ला देणारे चारजण जवळ असत.

बापाच्या बाजूलाहि बंधन होतेंच. त्याचें पत्र त्याच्याच पलटणीचा अधिकारी वाचून, नको तो मजकूर कापून पुढें धाडी. आपण कोठें आहों, कोठें जाणार, किती माणसें आहेत, यांतलें कांहीं लिहावयाचें नाहीं. तेव्हां मुलानें विचारावें, 'बाबा, तुम्ही कोठें आहांत?' आणि बापानें उत्तर द्यावें, 'जेथें आहें तेथें उकाडा फार आहे.' उलट बापानें विचारावें, 'आतां पाय कसा आहे?' आणि उत्तर यावें, 'आज जेवणांत आइस्क्रीम होतें.' हे संवाद मीं कल्पनेनें रचले आहेत. परंतु नियमच असे होते कीं याहून निराळें उत्तर कोठून यावें?

पुष्कळ पत्रें 'व्ही-मेल'नें जात. ती युक्ति मोठी मौजेची होती. ठराविक आकाराच्या छापील कागदावर पत्र लिहावयाचें. १९४२ च्या जूनपासून टपालखातें अशा पत्रांचीं अगदीं बारीक छायाचित्रें १६ मिलिमीटर फिल्मवर घेऊं लागलें. फिल्म विमानानें जाई आणि पलीकडे तिच्यावरून तळहाताएवढी प्रत छापून सैनिकाला मिळे. दीड लाख पत्रांना एरव्हीं ३७ पोतीं लागत, वजन २,५७५ पौंड. तींच फिल्मवर एका पोत्यांत, ४५ पौंडांत मावत. बायका पत्रावर ओठांचा रंग लावलेलें चुंबन उमटवून धाडीत, त्यानें यंत्रें बिघडत, म्हणून टपालवाले त्रासून गेले होते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी. मजकूर ठळक शाईनें किंवा गडद पेन्सिलीनें लिहिलेला असला तरच तो नीट उमटे. ज्याच्या बोटांत जोर उरलेला नाहीं, त्या मुलाचीं फिकट, थरथरतीं अक्षरें या झटपट टपालाच्या कामाचीं नव्हतीं. तीं साध्या टपालानें, जहाजानें, कित्येक आठवड्यांनीं पोंचावयाचीं. परिचारिकेनें किंवा रेडक्रॉसच्या एकाद्या स्वयंसेविकेनें सुवाच्य हातानें लिहिलेलें पत्र मात्र लवकर पोंचे. त्यांत मजकूर मुलाचा, पण गाळणी तिची. दिवसभर पन्नास मुलांचे शेकाचे कपडे उकळून पिळून जिचे हात भाजले आहेत, ती परिचारिका 'मला घरीं न्या' हें वाक्य कितीदां लिहून घेणार? ती म्हणे, 'बाबांना असें लिहूं नये बाळ, ते काळजी करतील.' तिला दोष देण्याचें धैर्य मला होत नाहीं.

ज्यांच्या छातीचे स्नायु गेले, तीं मुलें लोखंडी फुप्फुसांत असत. ही पेटी हार्वर्ड विद्यापीठांत १९२८ सालीं तयार झाली. सारें शरीर आंत, डोकें तेवढें बाहेर. पेटींतला दाब जसा कमीजास्त होईल तसा श्वास चालावयाचा. बोलावयाचें तें श्वास बाहेर पडतांना, यंत्र देईल तेवढ्या वेळांत. असें मूल पत्र सांगूं लागलें कीं तीनचार शब्दांवर थांबे, यंत्राची वाट पाही, मग पुढचे तीनचार शब्द. कागदावर मात्र तें सलग दिसे.

या मुलांपैकीं कितीतरी जणांचा एक मोठा पत्रमित्र वॉशिंग्टनमध्यें होता. अध्यक्ष रूझवेल्ट यांना १९२१ सालीं, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं याच रोगानें गांठलें होतें. १९३८ सालीं नभोवाणीवरून आवाहन झालें कीं, दहा सेंटांचें एकएक नाणें, ज्याला तेथें डाइम म्हणतात, तें पाकिटांत घालून थेट अध्यक्षांच्या पत्त्यावर धाडा. नाणीं आलीं २६ लाख ८० हजार. त्यांत मुलांचे पैसे होते आणि मुलांचीं पत्रेंहि होतीं. अध्यक्ष जॉर्जियांतील वॉर्म स्प्रिंग्जच्या उपचारकेंद्रांत रुग्णांबरोबर बसून सणाचें जेवण घेत. १९४१ सालीं तेथें पोंचले आणि जपानच्या धोक्यामुळें दुसऱ्याच दिवशीं परतले. पण या गृहस्थांनींहि देशाला वर्षानुवर्षें 'सर्व खुशाल' हेंच पत्र लिहिलें. चाकांच्या खुर्चींतलें छायाचित्र सहसा छापूं द्यावयाचें नाहीं, पायांत पोलादी पट्ट्या चढवून मुलाच्या दंडाला धरून उभें राहावयाचें, असा त्यांचा नेम होता. १ मार्च १९४५ रोजीं, याल्टाहून परतल्यावर, ते कायदेमंडळापुढें प्रथमच बसून बोलले आणि आपल्या पायांवर दहा पौंड पोलाद वागवावें लागतें, त्यामुळें बसणें सोपें जातें, असें सहज सांगून गेले. भाषण नभोवाणीवर होतें. वॉर्डांतल्या ज्या मुलांनीं तें ऐकलें असेल, त्यांना तें एक वाक्य बाकीच्या साऱ्या राजकारणापेक्षां अधिक कळलें असेल. त्यानंतर सहा आठवड्यांनीं, १२ एप्रिल रोजीं वॉर्म स्प्रिंग्ज येथेंच ते वारले.

आनंदी पत्र आणि शांत मूल यांचा अर्थ काय, हें शास्त्रीय रीतीनें दाखविण्याचें काम युद्धानंतर इंग्लंडांत झालें. जेम्स रॉबर्टसन यांनीं १९५२ सालीं रुग्णालयांत एकटें राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट घेतला. मूल आधीं रडतें, मग गप्प होतें. परिचारिका म्हणतात, आतां रुळलें. रॉबर्टसन यांचें म्हणणें असें कीं, तें रुळलेलें नसतें, त्यानें आशा सोडलेली असते. डॉक्टर मंडळी प्रथम संतापली. परंतु १९५९ सालीं तेथील सरकारी समितीनें मुलांना भेटण्यास वेळेचें बंधन नसावें अशी शिफारस केली. पोलिओची लस तोंवर निघाली होती. ती यशस्वी झाल्याचें १९५५ सालीं, पुन्हा १२ एप्रिललाच, जाहीर झालें.

युद्धकाळांतल्या त्या पत्रांत एक प्रश्न मात्र कोणाच्याहि गाळणींतून निसटून जाई, कारण तो निरुपद्रवी दिसे: घरीं केव्हां? मूल बापाला विचारी, बाप मुलाला विचारी. मुलाचें उत्तर स्नायूंच्या परीक्षेवर अवलंबून, आणि ती परीक्षा महिन्यामागून महिने पुढें जाई. बापाचें उत्तर १९४५ च्या मे महिन्यांत ठरलें. कोणाला आधीं सोडावयाचें यासाठीं सैन्यानें गुणांची पद्धत काढली: नोकरीच्या दर महिन्यास एक गुण, परदेशांतल्या महिन्यास आणखी एक, पदकास किंवा मोहिमेस पांच, आणि घरीं असलेल्या प्रत्येक मुलामागें, तीन मुलांपर्यंत, बारा. ८५ गुण झाले कीं घरीं. मूल धडधाकट आहे कीं खाटेवर, हें त्या तक्त्यांत विचारलेलें नव्हतें. तेव्हां तळावर कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करीत बसलेल्या एकाद्या बापाला पोलिओच्या वॉर्डांतल्या मुलीचेहि पुरे बारा गुण मिळत होते, आणि हें तिला कळवावयास सेन्सॉरची कांहींच हरकत नव्हती.