समुद्रातील उष्णतेची लाट आणि माशांचा हिशेब

एखाद्या ठिकाणच्या समुद्रपृष्ठाचे तापमान, तेथील त्याच ऋतूतील ३० वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहता, शंभरांपैकी नव्वद नोंदींहून अधिक भरले आणि तसे सलग ५ किंवा अधिक दिवस राहिले, तर त्यास सागरी उष्णतेची लाट म्हणतात. ही लाट डोळ्यांस दिसत नाही. तिचा परिणाम जाळ्यात दिसतो, आणि तोही पुष्कळदा उशिरा.

अलास्काच्या आखातातील कॉड मासळीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिक महासागर असाधारण तापला. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर वाढते व त्यायोगे त्याची भूकही वाढते. दुष्काळात जनावरांची वैरण घटते. येथे वैरण घटली आणि भूकही वाढली. शिवाय कॉडची अंडी सुमारे ३ ते ६ अंश सेल्सिअस तापमानातच नीट उबतात. परिणामी, २०१७ च्या पाहणीत २०१५ च्या मानाने सुमारे ७० टक्के घट आढळून आली. २०१८ साठी पकडीची मर्यादा सुमारे ८० टक्क्यांनी उतरविण्यात आली, आणि २०२० मध्ये तेथील संघराज्याच्या हद्दीतील कॉडची खास मासेमारी बंद ठेवावी लागली.

हे आधी का उमगले नाही? मत्स्यसाठ्याचे गणिती प्रतिरूप ही एक प्रकारची खतावणीच होय. प्रत्येक वयाच्या माशांची संख्या मांडावयाची, त्यातून नैसर्गिक मर व पकड वजा करावयाची, नवी पिले जमेस धरावयाची. यांपैकी नैसर्गिक मर दरवर्षी सारखीच धरण्याचा प्रघात आहे. दरसाल पाऊस सारखाच पडेल असे धरून पेरणी करण्यासारखेच हे म्हणावे लागेल! लाटेच्या वर्षांसाठी ही मर वेगळी व अधिक धरल्यावरच हिशेब पाहणीशी जुळला. अर्थात हे जुळणे घटना घडून गेल्यानंतरचे आहे. पुढील लाटेत किती मासे मरतील हे त्यावरून नेमके सांगता येत नाही.

अरबी समुद्रातही अशा लाटा येतात. तथापि कॉडचे आकडे बांगडा वा तारली यांस लावणे चुकीचे ठरेल. त्यांचे पाणी निराळे, खाद्य निराळे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून लाटांविषयी व संभाव्य मासेमारी क्षेत्रांविषयी माहिती मिळते. किनाऱ्यावरील ग्रामसेवकांनी बंदरावर उतरलेल्या मासळीची जात, लांबी, तारीख व जाळे पाण्यात किती तास होते याची नोंद ठेवावी. रिकाम्या हाताने परतलेल्या होडीचीही नोंद त्याच वहीत करावी.