मागची शीट

भोसरी एमआयडीसी, बुधवारची दुपार. उद्या साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे इलेक्ट्रिक पॅनेलची ऑर्डर आजच गाडीत चढवायची घाई आहे. लेझर कटिंगचं टेबल रिकामं होतं आणि ऑपरेटर ओरडतो, "सीआर, दोन एमएम लावा रे!"

सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड शीट आहे, पण भिंतीला टेकवलेल्या थप्पीत सगळ्यात मागे. तिच्यापुढे तीन एमएमच्या दहा एचआर, म्हणजे हॉट रोल्ड शीट, आणि त्यांच्याही पुढे महिन्याभराचे कटपीस. कटपीस बाजूला होतात. दोन हेल्पर हातमोजे चढवतात. पुढच्या शीट दोघांनी अंगावर ओढून धरायच्या आणि तिसऱ्याने मागची खेचायची, ही इथली जुनी पद्धत.

"थांबा!" फोरमनकाका धावत येतात. "वहीची पानं आहेत का चाळायला?"

अडीच मीटर बाय सव्वा मीटरची तीन एमएम शीट सुमारे 74 किलोची. अशा दहा म्हणजे पाऊण टनाच्या जवळ. तिरक्या उभ्या आहेत तोवर हा भार जमीन आणि भिंत वाटून घेतात. पुढे ओढता ओढता उभी रेघ ओलांडली, की तो सगळा माणसावर येतो. "कललेली थप्पी सावरायला जायचं नाही. सुटली तर सुटू दे, आपण बाजूला व्हायचं," काका बजावतात. मी हेल्परांच्या पाठीमागे पाहतो. तिथे हातभर अंतरावर शेरिंग मशीन आहे. बाजूला व्हायचं तरी कुठे?

ईओटी क्रेन येते. एका वेळी एकच शीट, वरच्या कडेला प्लेट क्लॅम्प, आणि लटकत्या शीटखाली कुणी नाही. एकेक एचआर लाकडी ठोकळ्यांवर आडवी पडते. लेझर तोवर गप्प उभं.

अखेर सीआर बाहेर येते. वरचा भाग तेलकट, चकचकीत. खालची कड जिथे थेट कोब्यावर टेकली होती, तिथे तांबूस पट्टा. हेल्पर चिंधीने पुसतो, डाग हलत नाही. पावडर कोटिंगआधी तो घासावा लागणार. शटरजवळच्या जस्त चढवलेल्या जीपी शीटची गत वेगळीच. पावसाचं पाणी दोन शीटच्या मधे शिरलंय, हवा लागत नाही, आणि जस्तावर पांढरी भुकटी धरलीय.

शेडच्या पलीकडच्या टोकाला नवा ड्रॉवर रॅक उभा आहे, जमिनीत अँकर बोल्टने आवळलेला. जड माल खालच्या कप्प्यांत, हलका वर. प्रत्येक कप्प्यावर जाडी आणि ग्रेडची पाटी, कप्प्याचा भार किती तेही लिहिलेलं. एक ड्रॉवर बाहेर असताना दुसरा उघडतच नाही. दोन्ही एकदम बाहेर आले तर रॅकचा तोल पुढे जाईल. काका एक कप्पा ओढतात, व्हॅक्यूम लिफ्टरचे कप ठेवण्याआधी शीटवरची धूळ पुसतात. शीट वर उचलली जाते. मधली कुठलीही हलवावी लागत नाही.

"अजून एक रॅक घ्यायचा म्हणजे खर्च बघा ना," मागून शेठ म्हणतात.

"आज लेझर किती वेळ उभं होतं, तेही हिशेबात धरा, शेठ. आणि पोरांच्या पायावर पडली असती, तो खर्च वेगळाच."

शेठ काही बोलत नाहीत. काका भिंतीकडचे कटपीस वेचायला लावतात. रोज लागणारा माल रॅकमध्ये, कामाचे तुकडे उभ्या खणांत, बाकीचं आजच भंगारात. भंगाराची ट्रॉली भरत आल्यावर शेठ वाकून स्टेनलेसचा एक तुकडा बाहेर काढतात. "हा राहू दे. लागेल कधीतरी."

काका खिशातला मार्कर पुढे करतात. "ठेवा. पण आधी माप आणि ग्रेड लिहा त्याच्यावर."

शेठ तुकडा उलटसुलट करून पाहतात. तो 304 आहे की 202, कुणालाच सांगता येत नाही. तुकडा ट्रॉलीत परत जातो.