कठीण पात्याला नरम चाक

पाते जितके कठीण, तितके ग्राइंडिंग व्हील कठीण हवे, ही सरळ पात्यांना धार लावण्याबाबतची सर्वांत पसरलेली आणि सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. खोपोली-पाताळगंगा पट्ट्यात पत्रा कापणाऱ्या शिअरिंग मशीनपासून प्लॅस्टिकचा स्क्रॅप दळणाऱ्या ग्राइंडरपर्यंत आणि कर्जतच्या छापखान्यातील कटिंग मशीनपासून लाकडाला रंधा मारणाऱ्या यंत्रापर्यंत सगळीकडे काम करते ते सरळ पातेच. या एका समजुतीपायी चांगली पाती जळतात, तरीही दुकानात 'हार्ड व्हील द्या' हीच मागणी होते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कडक पात्याला नरम चाक लागते.

चाकाचा ग्रेड कणांचा कठीणपणा सांगत नाही. पोलाद कापतात ते अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण, आणि ते कोणत्याही चाकात कडक पोलादापेक्षा कठीणच असतात. ग्रेड सांगतो ती कणांना धरून ठेवणाऱ्या बॉण्डची पकड. कठीण पाते कणांची टोके लवकर बोथट करते. पकड सैल असेल तर बोथट कण गळून पडतो आणि मागचा ताजा कण कापू लागतो. पकड घट्ट असेल तर बोथट कण जागेवरच राहतो, चाकाचा पृष्ठभाग चकचकीत होतो, आणि झिजलेल्या पॉलिश पेपरसारखे ते नुसते घासत राहते. कापणे थांबते, उष्णता वाढते.

ही माहिती चाकावरच छापलेली असते. खुणांची पद्धत भारतीय मानक आयएस 551 मध्ये दिली आहे. उदाहरणार्थ 'डब्ल्यूए 46 एच 8 व्ही' म्हणजे पांढरे अॅल्युमिनियम ऑक्साइड, 46 ग्रिट (कणांची जाडी), एच ग्रेड, 8 क्रमांकाची रचना (कण किती विरळ) आणि व्हिट्रिफाइड बॉण्ड. ग्रेडची अक्षरे ए ते झेड; ए सर्वांत नरम. पाते घासण्याच्या मशीनवर कप व्हील किंवा सेगमेंट वापरले जातात. त्यांचा पात्याशी स्पर्श रुंद असतो, म्हणून उष्णताही जास्त. हाय कार्बन हाय क्रोमियम म्हणजे एचसीएचसी (डी-2) किंवा हाय स्पीड स्टील म्हणजे एचएसएसच्या कडक पात्यासाठी साधारण जी ते जे ग्रेड, 36 ते 60 ग्रिट आणि मोकळी रचना ही सुरुवात योग्य ठरते.

चूक कडेवर दिसते. साध्या कार्बन पोलादावर सुमारे 300 अंश सेल्सिअसला निळी झाक येते. शेवटचा हलका हात मारून ती पुसली की पाते सुधारले असे मानणे घातक आहे. रंग जातो, पण खाली नरम पडलेला थर तसाच राहतो आणि धार काही तासांतच जाते. एचएसएस इतक्या उष्णतेने नरम पडत नाही, पण अचानक तापून निवल्याने त्यावर बारीक तडे जातात. कडेचे तुकडे उडतात ते पुढे, यंत्रावर.

या भागात तरी हे अज्ञान असू नये. महिंद्रा युजिन कंपनीने 1960 च्या दशकात खोपोलीत मिश्र पोलादाचा कारखाना उभारला. आणि आजच्या रायगड जिल्ह्यातच, उरणजवळच्या मोरा येथे, 1941 मध्ये स्थापन झालेल्या ग्राइंडवेल कंपनीने भारतातील पहिली ग्राइंडिंग व्हील्स बनवली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात असे :

लवकर झिजणारे चाक निकृष्ट असते. नाही, योग्य वेगाने झिजणे हेच त्याचे काम आहे. हिशेब चाकाच्या किमतीचा नव्हे, पात्याच्या किमतीचा करावा.

बारीक ग्रिटने धार लवकर येते. बारीक चाक लवकर भरते आणि तापते. आधी जाड ग्रिटने घासावे, बारीक ग्रिट शेवटच्या हातासाठी ठेवावी आणि कडेला राहिलेली धातूची बर तेलाच्या दगडाने काढावी.

हिरवे चाक सगळ्यांत भारी. हिरवे सिलिकॉन कार्बाइड टंगस्टन कार्बाइडच्या पात्यासाठी आहे, पोलादी पात्यासाठी नाही.

डायमंड व्हील सगळे कापते. तापलेल्या लोखंडात हिऱ्यातला कार्बन विरघळतो आणि चाक भराभर झिजते. एचएसएससाठी क्युबिक बोरॉन नायट्राइडचे (सीबीएन) चाक आहे.

कूलंट धुळीसाठी असते. ते मुख्यतः उष्णतेसाठी असते आणि त्याचा प्रवाह अखंड हवा. तापलेल्या पात्यावर अधूनमधून पाणी शिंपडणे कोरड्या घासणीपेक्षा वाईट, कारण त्यानेच तडे जातात.

चाक ठेवून खराब होत नाही. रेझिन बॉण्डचे चाक ओलाव्याने कमजोर होते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या पावसाळ्यात ते कोरड्या जागी ठेवावे आणि वापरण्यापूर्वी उत्पादनाची तारीख पाहावी.

वेग वाढवला की काम लवकर होते. 300 मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला 1450 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 23 मीटर परिघीय वेगाने फिरते, 2880 फेऱ्यांना सुमारे 45. साध्या व्हिट्रिफाइड चाकाची मर्यादा बहुधा 35 च्या आत असते. ती ओलांडली तर चाक फुटू शकते. चाकाचा कमाल सुरक्षित वेग आणि स्पिंडलचा वेग लिहिलेली सूचना प्रत्येक यंत्राजवळ कायम लावणे कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 30 नुसार बंधनकारक होते; ती आजही लावावी.