दुकानातील उचलेगिरी : चोप देण्यापेक्षा चोख मांडणी उपयोगी

शिरपूर : ग्राहकाने काउंटरसमोर उभे राहून माल मागायचा आणि दुकानदाराने तो काढून द्यायचा, ही किराणा दुकानाची जुनी रीत. मुंबई-आग्रा महामार्गावरील शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावांतही आता ग्राहक स्वतः माल निवडून टोपलीत टाकू लागले आहेत. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९१६ मध्ये क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' हे अशा स्वयंसेवा पद्धतीचे दुकान सुरू केले होते. या पद्धतीने नोकरांचा खर्च वाचतो. मात्र माल आणि ग्राहक यांच्यामध्ये कोणी उरत नसल्याने उचलेगिरीला वाव मिळतो.

पकडलेल्यास चोप देणे, त्याचे छायाचित्र भिंतीवर लावणे किंवा सीसीटीव्हीतील चित्रण मोबाईलवरून पसरविणे, हे उपाय दुकानदारावरच उलटू शकतात. मारहाण हा स्वतंत्र गुन्हा आहे. छायाचित्रामुळे अब्रुनुकसानीची तक्रार होऊ शकते. संशयित अल्पवयीन असल्यास त्याची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने मनाई आहे. संशयावरून जमावाने हात उगारल्यास काय घडते, हे धुळे जिल्ह्याने अनुभवले आहे. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागण्यासाठी आलेल्या भटक्या समाजातील पाच निरपराध व्यक्तींना जमावाने ठार मारले होते.

किरकोळ चोरीबाबत कायद्याचा दृष्टिकोनही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा दिली जाते. न्यायालय नेमून देईल ते समाजोपयोगी काम त्याला विनामोबदला करावे लागते. अशी चोरी अदखलपात्र असल्याने न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. साहजिकच, चोरी होऊ न देणे हाच दुकानदारासाठी सोयीचा मार्ग ठरतो.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. सौंदर्यप्रसाधने, ब्लेड, चॉकलेट अशा लहान पण महागड्या वस्तू काउंटरमागे ठेवाव्यात. मधल्या रॅकची उंची खांद्याखाली असावी. गल्ला दाराजवळ आणि अंधाऱ्या कोपऱ्यात गोल आरसा असावा. साडीच्या दुकानात एका वेळी मोजक्याच साड्या पसराव्यात व पाहून झालेल्या मोजून ठेवाव्यात. आत येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून 'काय हवे?' असे विचारल्यास ग्राहकाला आपुलकी वाटते आणि उचलेगिरी करणाऱ्याला आपल्यावर लक्ष असल्याची जाणीव होते. दरमहा साठा मोजल्यास तूट चोरीची, बिलातील चुकीची की माल उतरवून घेतानाची, हेही कळते.

तरीही संशय आल्यास पिशवी हिसकावू नये. 'बिल करायचे काही राहिले का?' असे शांतपणे विचारावे. वस्तू चुकून राहिली असेल तर ग्राहक दुखावत नाही, आणि मुद्दाम उचलली असेल तर ती परत ठेवण्याची वाट मोकळी राहते.