साम्राज्य, दोन विद्वान आणि पुराव्याचे एक पान

विज्ञानकथेतील एखाद्या साम्राज्याची प्रकृती जोखायची असेल, तर त्यातील सम्राटापेक्षा कथेच्या कडेला उभा असलेला विद्वान अधिक उपयोगी पडतो. कारण समाज सत्य कसे शोधतो, हे त्याच्या अभ्यासाच्या रीतीवरून उघड होते. अमेरिकन लेखक आयझॅक असिमॉव्ह यांच्या ‘फाउंडेशन’ मालिकेतील लॉर्ड डॉर्विन हा असाच एक दुय्यम विद्वान आहे. १९४२मध्ये मासिकातून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आणि १९५१मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कथांत संपूर्ण आकाशगंगेवर पसरलेले साम्राज्य आतून ढासळत असते. डॉर्विन हा त्या साम्राज्याचा उच्चपदस्थ असून त्याला पुरातत्त्वाची, म्हणजे उत्खननातून मिळालेल्या अवशेषांवरून भूतकाळ उलगडणाऱ्या शास्त्राची, आवड आहे.

मानवजात मुळात कोणत्या ग्रहमालेत जन्मली, या प्रश्नाचा तो अभ्यास करतो. परंतु तेथे जाऊन उत्खनन करण्याची गरज त्याला वाटत नाही. पूर्वसूरींच्या ग्रंथांतील मते एकमेकांशी ताडून पाहणे, हीच आपल्या लेखी शास्त्रीय पद्धती होय, असे तो एका संभाषणात सांगतो. साम्राज्याच्या ऱ्हासाचे निदान असिमॉव्ह यांनी युद्धाच्या वर्णनापेक्षाही या एका संभाषणातून अधिक नेमके केले आहे.

मराठीत या पात्राच्या अगदी उलट टोकाला उभा राहणारा विद्वान डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत भेटतो.   १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत मराठ्यांचा पराभव झाला आणि पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले, ही या कथेची पार्श्वभूमी आहे.

कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जातात, जेथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले असते. हा बदल कोठे घडला, हे शोधण्यासाठी ते थेट ग्रंथालय गाठतात, आणि विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निसटून गेल्याचे त्यांना एका बखरीत आढळते. परत आल्यावर त्यांचे म्हणणे ऐकणारा विज्ञानाचा जाणकार मित्र राजेंद्र देशपांडे हे कथेतील छोटे, पण मोलाचे पात्र आहे. प्राध्यापकांचा अनुभव मनाचा खेळ असावा, असे आधी मानणारा राजेंद्र त्या बखरीचे फाटलेले पान समोर येताच आपले मत बदलतो. मग तो लहानशा कारणाने परिस्थितीला अचानक मोठे वळण कसे लागते हे सांगणारा गणितातील ‘कॅटॅस्ट्रॉफी’ सिद्धांत आणि सूक्ष्म कणांचा मार्ग निश्चितपणे सांगता येत नाही हे मांडणारे पुंजविज्ञान, अशा दोहोंच्या आधारे त्या घटनेचा अर्थ लावतो.

डॉर्विनपाशी ग्रंथ आहेत, पण पडताळणी नाही; राजेंद्रपाशी शंका आहे आणि पुराव्यापुढे मत बदलण्याची तयारीही आहे. ज्ञान टिकते ते या दुसऱ्या वृत्तीमुळे, आणि ती नाहीशी झाली की आकाशगंगेएवढे साम्राज्यही सावरत नाही. म्हणून ग्रंथातील मताचा मान राखतानाच, ते पुन्हा तपासून पाहण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाने आणि विद्यार्थ्याने जपला पाहिजे.